क्लोरीन मॅडम

वर्गात आल्या की मॅडम आधी भिंतीवरचा आवर्तसारणीचा तक्ता खिळ्यावरून उतरवायच्या आणि उलटा टांगायच्या. रंगीत बाजू भिंतीकडे, पांढरी पाठ आमच्याकडे. तक्ता संस्थेनं जालन्याहून आणलेला, गुळगुळीत कागदाचा, वर-खाली लाकडी पट्ट्या लावलेला. मुख्याध्यापकांचा त्याच्यावर फार जीव. एकदा तपासणीचे साहेब आले आणि त्यांनी विचारलं, हा उलटा का? मुख्याध्यापक सुलटा करायला धावले. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या सर. तोंड पाहून कुणीबी ओळखतं. माझे लेकरं पाठीकडून ओळखतेत." मग त्यांनी साहेबांनाच एक अंक सांगायला लावला. साहेब म्हणाले, सतरा. मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि बोटं मोजत त्यानं सांगितलं: दोन, आठ, सात, म्हणजे तिसरं आवर्त, सतरावा गण, अधातू, शेवटच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणून कायम भुकेलं, क्लोरीन. साहेब खूश झाले, चहा प्याले आणि शेऱ्यात 'तक्ता सुलटा लावावा' असं लिहून गेले. दुसऱ्या दिवशी तक्ता पुन्हा उलटा होता.

क्लोरीन हे नाव मॅडमना आम्हीच ठेवलं होतं. त्याला दोन कारणं. शाळेच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायचं काम कुणी अंगावर घेत नसे, ते त्या करायच्या, त्यामुळे सोमवारी त्यांच्या ओढणीला तो वास यायचा. दुसरं कारण जास्त खरं. वर्गात एक जरी पोर कमी असलं तरी त्यांना चैन पडत नसे. कापूस वेचायला गेलेल्या पोरीला मधल्या सुट्टीत शेतातून स्कूटीवर बसवून आणायच्या, तिच्या आईशी बांधावर भांडायच्या, आणि हे सगळं करून पुढच्या तासाला वेळेवर उभ्या राहायच्या. नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "ब्रोमीन का न्हाई? आयोडीन का न्हाई? गण तर एकच." मग तिथंच तास सुरू झाला. गणात खाली जावं तशी कक्षा वाढते, मधल्या केंद्राची ओढ बाहेरपर्यंत पोचत नाही, भूक मंदावत जाते. त्यामुळे आयोडीन तसं सुस्त. "तुम्ही क्लोरीन ठेवलं ते ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या, "गणात सगळ्यात वरचं फ्लोरीन ठेवलं असतं तर जास्त बराबर झालं असतं."

मॅडम जाफराबादकडच्या, चांगल्या शेतकरी घरातल्या. आमचं गाव वडीगोद्रीपासून आत. त्या वडीगोद्रीला हायवेच्या कडेला एका टायरच्या दुकानावर खोली घेऊन एकट्या राहायच्या. अंगात सुती ड्रेस, पायात पोरांसारखे बूट. तिशीला आल्या तरी लग्न केलेलं नव्हतं, आणि गावातल्या बायकांना त्याची त्यांच्या आईपेक्षा जास्त काळजी. हळदीकुंकवाला कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "सध्या मी राजवायू आहे काकू. शेवटची कक्षा भरलेली आहे." काकूंना काही कळत नसे, पण वायू म्हटल्यावर त्या पोटाचं औषध सांगायच्या. मॅडम तेही ऐकून घ्यायच्या. शाळेत त्या तासिकेवर होत्या, कायम नव्हत्या. दर जूनमध्ये संस्थेनं नवी ऑर्डर काढली तरच पुढचं वर्ष, नाहीतर सामान बांधायचं. कायम असलेले गुरुजी जितकं जपून बोलायचे त्याच्या अर्ध्यानंही त्या जपत नसत.

आवर्तसारणी शिकवताना त्यांची खरी लढाई चाले ती आमच्या डोक्यात आधीच बसलेल्या शब्दांशी. आम्ही नववीत होतो तेव्हा पंचायत समितीची निवडणूक लागली होती. 'एका गणातील मूलद्रव्यांत साम्य का असते?' या प्रश्नाला वर्गातल्या एकानं लिहिलं, 'गणातून एकच सदस्य निवडून येतो म्हणून.' दुसरीनं देवगण, मनुष्यगण, राक्षसगण लिहून पत्रिका जुळवून दिली होती. मॅडमनी दोन्ही उत्तरं मोठ्यानं वाचली, पण त्या पोरांवर कुणाला हसू दिलं नाही. म्हणाल्या, निवडणुकीचा गण पाच वर्षांपुरता, पत्रिकेतला गण लग्नापुरता. आपला गण शेवटच्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन आहेत त्यावर, आणि तो कुणाच्या बापाला बदलता येत नाही. दोघांनाही त्यांनी अर्धा अर्धा मार्क दिला. का दिला ते आजही मला कळलेलं नाही.

अणूच्या आकाराचा तास तर मी कधी विसरणार नाही. मॅडमनी विचारलं, सोडियम मोठा की क्लोरीन? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, क्लोरीन. सोडियमकडे अकरा इलेक्ट्रॉन, क्लोरीनकडे सतरा. माणसं जास्त तर घर मोठं, यात विचारायचं काय? मॅडमनी आम्हाला मैदानात नेलं. दोघींना मध्ये उभं केलं, काही जणींना भोवती गोल, प्रत्येकीच्या कमरेला ओढणी आणि ओढणीचं टोक मधल्या दोघींच्या हातात. "ओढा," त्या म्हणाल्या. मग मध्ये एक पोरगी वाढवली, गोलातही एक वाढवली. पुन्हा ओढा. पुन्हा मध्ये एक, गोलात एक. माणसं वाढत होती आणि गोल आत आत येत होता. शेवटी आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडलो. "आवर्तात डावीकडून उजवीकडं चाल्ले की असं होतं," मॅडम म्हणाल्या. "कक्षा तीच, पण मधली ओढ वाढत जाती. माणसं मोजू नका. ओढ मोजा." त्या दिवशी धूळ झटकत वर्गात परतताना मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय आपल्यालाही येऊ शकतो. तोवर विज्ञान म्हणजे शहरातल्या पोरांनी करायची गोष्ट, असं मी धरून चालले होते.

आता मूळ गोष्ट. दहावीच्या वर्षी सव्वीस जानेवारीला मॅडमनी लेझीम रद्द केलं आणि ठरवलं की मैदानावर चुन्याच्या फक्कीनं आवर्तसारणी आखायची आणि प्रत्येक घरात एक पोर मूलद्रव्य म्हणून उभं करायचं. आठवी ते दहावीची मुलं कमी पडली म्हणून सातवीतली काही उसनी घेतली. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्यावर चिन्ह आणि अणुअंक, हातात सुतळीचं कडं. कडं अणूच्या आकाराचं: सोडियमचं मोठं, क्लोरीनचं लहान, आणि गणात खाली जावं तसं वाढत जाणारं. म्हणजे लांबूनही दिसावं की आकार कसा बदलतो. आणि कोण काय होणार, हे मॅडमनी कुणाला ठरवू दिलं नाही. चहाच्या किटलीत चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेकाला हात घालायला लावला.

मला एकोणऐंशी आला. एकोणऐंशी म्हणजे सोनं.

संस्थेच्या अध्यक्षांचा नातू आमच्याच वर्गात होता, यश. त्याला ब्याऐंशी आला, म्हणजे शिसं. पण अध्यक्षांच्या घरी चिठ्ठ्या काढायच्या आधीच सोनेरी शेरवानी शिवून आली होती. नातू सोनं होणार याबद्दल त्या घरात कुणाला शंकाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर गावातही नव्हती. आमचं घर गावाच्या कडेला, विहाराला लागून. माझे वडील, अण्णा, अध्यक्षांचा ट्रॅक्टर चालवायचे, हंगामात त्यांचा ऊस अंकुशनगरच्या कारखान्यावर न्यायचे. गावात तोंडानं कुणी काही बोललं नाही. सगळे एवढंच म्हणत होते की अध्यक्षांच्या नातवाला शिसं कसं. सोनं कुणाच्या पोरीला गेलं हे कुणी म्हणत नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त ऐकू येत होतं. मला राग आला होता. तोवर मला अशा गोष्टींचं वाईट वाटायचं, राग यायचा नाही.

पहिल्यांदा मुख्याध्यापकांनी मॅडमना ऑफिसात बोलावलं. आम्ही व्हरांड्यात पुठ्ठे रंगवत होतो, आत बोललेलं सगळं ऐकू येत होतं. सर गरीब स्वभावाचे. म्हणाले, दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करा, कुणाला कळतंय? मॅडम म्हणाल्या, एकोणऐंशीचं ब्याऐंशी केलं तर सोनं सोनं राहत नाही सर, शिसं होतं. मी हेच तर वर्षभर शिकवते.

मग दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. पांढरी गाडी फाटकात उभी करून मैदानावरच आले, फक्कीच्या रेघा चपलांनी पुसत. बोलायला गोड माणूस. मॅडमच्या कामाचं कौतुक केलं, जाफराबादला त्यांचे पाहुणे कोण कोण आहेत ते विचारलं, म्हणाले, तुम्ही तर आपल्यातल्याच. मॅडम म्हणाल्या, "मी विज्ञानाची आहे साहेब." अध्यक्ष हसले. आणि मग ते वाक्य बोलले, जे आमच्या शाळेत नंतर कितीतरी वर्षं पोरं म्हणून दाखवायची.

"आवो मॅडम, माणसाचं थोडं वजन बघून जागा द्यायची असती."

"वजनच बघायचं तर शिशाचा अणू सोन्यापेक्षा जड आहे साहेब," मॅडम म्हणाल्या. "पण जागा वजनावर ठरत न्हाई, अंकावर ठरती. पहिले वजनावर मांडून पाह्यलं होतं लोकांनी. बराबर बसलं न्हाई."

आणि हे नुसतं तोंडाला तोंड नव्हतं. त्यांनी लगेच बावन्न आणि त्रेपन्नच्या पोरांना पुढं बोलावलं. टेलुरियम वजनानं जास्त असूनही अलीकडे, आयोडीन हलकं असूनही पलीकडे. का, ते त्या पोरांनाच सांगायला लावलं. पोरं घाबरली होती, पण चुकली नाहीत. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना एवढंच म्हणाले की ऑर्डर जूनमध्ये निघती, ध्यानात असू द्या. मॅडमनी पुसलेल्या रेघा पुन्हा मारायला आम्हाला फक्कीचं घमेलं आणायला पाठवलं.

आमच्या घरी त्या संध्याकाळी चूल पेटली पण जेवायला कुणाचं मन नव्हतं. अण्णांना अध्यक्षांच्या मुकादमाकडून निरोप आला होता, चिठ्ठी बदलून द्या म्हणून. ते म्हणाले, "दे की देऊन. कागदाचं सोनं ते. ट्रॅक्टरची चावी हाये माझ्या हातात, उद्या काढून घेतली तर?" माय भाकरी थापत होती. ती वर न बघता म्हणाली, "जल्मात एकदा लेकीला सोनं आलं, ते बी देऊन टाकू?" तेवढ्यात स्कूटीचा आवाज झाला. मॅडम आत आल्या, खाली पोत्यावर बसल्या, चहा मागून घेतला. मला वाटलं त्या अण्णांना समजावतील. त्या अण्णांशी पिकापाण्याचं, कारखान्यावरच्या गाड्यांच्या रांगेचं बोलल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझा अंक आहे. तू सांग. द्यायचा असंल तर दे, मी काही म्हणणार न्हाई. पण भिऊन देऊ नको."

मी म्हणाले, मला एकोणऐंशीच पाहिजे. अण्णा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ ट्रॅक्टरपाशी उभे राहिले. परत आले ते दुकानातून हळदीची पुडी घेऊन. मायनं हळदीच्या पाण्यात तिचं जुनं पांढरं लुगडं बुडवलं, रंग एका बाजूला गडद आणि एका बाजूला फिका आला, तेच मी सव्वीस जानेवारीला नेसले. सोन्यासारखं काही दिसत नव्हतं, पिवळं मात्र होतं.

त्या दिवशी सगळं गाव मैदानाभोवती उभं होतं. अध्यक्ष मंचावर, शेजारी तालुक्याचे पाहुणे. मुख्याध्यापक माइकवर एकेक मूलद्रव्य पुकारत होते आणि ते ते पोर आपल्या घरात जाऊन कडं डोक्यावर धरत होतं. गावकरी मजेत बघत होते. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलंच, "आरं, हिकडून तिकडं कडे बारीक का होऊन राह्यले? सुतळी सरली का?" सगळं मैदान हसलं. सातवीतल्या एका पोरीनं तिथूनच ओरडून सांगितलं, "बाबा, मधली ओढ वाढली म्हणून." बाबा मान हलवत खाली बसले, जणू शेजारच्या घरातली बातमी कळली.

शिसं आधी जाऊन उभं राहिलं होतं, कारण मॅडमनी आधी मुख्य गण भरले होते आणि मग मधले. वर तांबं, त्याखाली चांदी, त्याखालचं घर मोकळं. मी रेघेबाहेर तयार होते. मुख्याध्यापकांनी कागद पाहिला, मंचाकडे पाहिलं आणि माइकवर म्हणाले, "एकोणऐंशी, सोनं, यश." हा बदल कुणी आणि केव्हा केला ते मॅडमनाही माहीत नव्हतं.

यश ब्याऐंशीच्या घरात उभा होता. शेरवानी त्याला घरच्यांनी घातलीच होती, पण गळ्यातला पुठ्ठा शिशाचा. त्याला शिसं मनापासून आवडलं होतं, बंदुकीच्या गोळ्या शिशाच्या असतात म्हणून. तो जागेवरून हलला नाही. हात वर करून म्हणाला, "सर, मी ब्याऐंशी आहे."

मग मॅडमचा आवाज आला, माइकशिवाय, वडीगोद्रीपर्यंत जाईल असा. "एकोणऐंशी."

मी म्हणाले, "हजर," आणि चांदीच्या खाली जाऊन उभी राहिले. प्रत्येकाला दोन वाक्यं बोलायची होती. माझी मॅडमनी पाठ करून घेतली नव्हती, त्या पाठ कधीच करून घेत नसत. मी म्हणाले, मी सोनं. हवापाण्यानं मी गंजत नाही आणि कुणाकडेही गेले तरी माझा अंक तोच राहतो. टाळ्या आधी विहाराच्या बाजूनं उभ्या असलेल्या बायकांनी वाजवल्या, मग बाकीच्यांनी. अध्यक्षांनीही वाजवल्या, पाहुणे शेजारी होते.

अण्णांची चावी कुणी काढली नाही. हंगाम भरात होता, दुसरा ड्रायव्हर कुठून आणणार? वार बसला तो मॅडमवर. जूनमध्ये ऑर्डर निघाली नाही. विषयाचा कार्यभार कमी झाला, असं कारण दिलं. आमचा निकाल चांगला लागला होता, विज्ञानात तर पहिल्यांदाच एवढा, आणि त्याच निकालाचा फोटो फ्लेक्सवर अध्यक्षांच्या फोटोखाली लागला होता. मी आणि माय वडीगोद्रीला त्यांना भेटायला गेलो. स्कूटी विकली होती, सामान टेम्पोत चढत होतं. दोन बादल्या, गॅसची टाकी, पुस्तकांची पोती. मायनं त्यांच्या हातात ज्वारीची पिशवी दिली. मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं: मी चिठ्ठी बदलून दिली असती तर तुमची नोकरी राहिली असती ना?

"बिलकुल राह्यली असती," मॅडम म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत, माझं मन राखायलाही नाही. "मंग पुढच्या साली पोरांसमोर अणुअंक म्हणून काय शिकवलं असतं मी?" आणि टेम्पोवाल्याला जल्दी कर म्हणून ओरडल्या. मला रडू येत होतं, त्यांना येत नव्हतं. उलट त्या थोड्या खुशीत होत्या, हे मला तेव्हा फार लागलं होतं. आता समजतं.

त्यानंतर त्यांच्या तीन-चार शाळा झाल्या. कुठं पोरींना प्रयोगशाळेत हात लावू देत नाहीत म्हणून भांडल्या, कुठं परीक्षेत कॉपी चालते म्हणून. सध्या परतूरकडे आहेत, अजून तासिकेवरच. लग्न केलं, नवराही त्यांच्यासारखाच भांडकुदळ आहे असं स्वतःच सांगतात. मी बी.एस्सी. केलं आणि जालन्यात एका स्टीलच्या कारखान्यात लॅबमध्ये लागले. भट्टीतून नमुना येतो, मशीनखाली ठेवायचा, कार्बन किती, मँगनीज किती, गंधक किती, फॉस्फरस किती, ते लिहून द्यायचं. माझ्या सहीशिवाय सळई पुढं जात नाही. मी करारावर आहे. करार दरवर्षी नवा होतो.

मागच्या महिन्यात एका भट्टीचा नमुना आला, गंधक मर्यादेच्या वर. गंधक वाढलं की सळई ठिसूळ होते, हे शाळकरी पोरालाही सांगता येईल. मी दोनदा तपासलं, आकडा तोच. मॅनेजर लॅबमध्ये आले, खुर्ची ओढून बसले, ट्रक उभा आहे म्हणाले, शेवटचे दोन आकडे थोडे खाली घ्या म्हणाले, आणि करार संपत आल्याची आठवण अगदी प्रेमानं करून दिली. घरी माझी दोन लहान लेकरं आहेत, अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे. मी बाहेर जाऊन मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. मॅनेजर काय म्हणाले, करार कधी संपतो, घरचं कसं आहे, सगळं.

पलीकडे पोरांचा गलका चालू होता, मधली सुट्टी संपत आली असावी. मॅडमनी माझ्या कराराचं काही विचारलं नाही.

"गंधक किती आलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, पॉइंट झिरो सिक्स टू.

"मंग तेवढंच लिही," त्या म्हणाल्या, आणि तास होता म्हणून फोन ठेवला.

मी आत गेले. मॅनेजर अजून बसलेच होते. त्यांच्यासमोर पॉइंट झिरो सिक्स टू लिहिलं आणि खाली सही केली.